गुळाचा नकाशा : शोधनिबंधांच्या गर्दीत चित्रं बघून वाट कशी काढायची

आमचं गुऱ्हाळ आहे. करवीर तालुक्यात, पंचगंगेच्या काठाला. काहिलीतला रस तापायला लागला की गुळवे मामा रानभेंडीची खोडं चेचून भिजवलेलं बुळबुळीत पाणी त्यात ओततात. थोड्या वेळानं मळी फुटून वर येते आणि मामा ती झाऱ्यानं काढून बाजूला टाकतात. हे मी शाळेत जायच्या आधीपासून बघत आलेय. ही रानभेंडी रसात नेमकं काय करते आणि हायड्रॉस, म्हणजे गूळ उजळ दिसावा म्हणून घालतात ते रसायन, न घालता निव्वळ तिच्या जोरावर उजळ गूळ निघेल का, हा माझ्या पीएच.डी.चा विषय आहे.

विषय घरचा असला तरी त्यावरचं वाचन घरचं नव्हतं. पहिल्या वर्षी मी विद्यापीठाच्या खर्डेकर ग्रंथालयात बसून गुगल स्कॉलरवर ‘जॅगरी’ टाकायचे आणि पानामागून पान उलटत राहायचे. यादी संपायची नाही. शाहू मार्केट यार्डात सौद्याच्या वेळी गुळाचे रवे ओळीनं मांडलेले असतात, तशीच ती यादी. पुढं कोण आणि मागं कोण, एवढं कळतं. कुठला रवा कुणाच्या गुऱ्हाळातला, कुठल्या दोन गुऱ्हाळांचा गुळव्या एकच, हे नुसत्या ओळीवरून कळत नाही. ते कळायला अडत्याला विचारावं लागतं. शोधनिबंधांच्या बाबतीत हे अडत्याचं काम नकाशा काढणारी काही साधनं करतात. ती मी तीन वर्षं रोज वापरतेय आणि माझ्यामागून संशोधनाला लागलेल्या मुलामुलींना दाखवतेय. दरवेळी तोंडी सांगण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहावं म्हणून हे लिहिते. उदाहरण सगळं गुळाचंच आहे. तुमचा विषय चामड्याचा असो, कुस्तीचा असो की कर्करोगाचा, रीत तीच.

संगणक उघडायच्या आधी वही उघडा

हा भाग बहुतेक जण गाळतात, आणि पुढं सगळा घोळ इथूनच होतो. नकाशा कितीही सुंदर असला तरी तुम्ही जो शब्द टाकता त्याचाच तो नकाशा असतो. विषयाचा नकाशा आपोआप निघत नाही.

मला सुरुवातीला दोनच शब्द ठाऊक होते, ‘जॅगरी’ आणि ‘गुर’. हळूहळू वहीत भर पडत गेली. कोलंबियात हाच पदार्थ ‘पनेला’ म्हणून विकतात, ब्राझीलमध्ये ‘रापादुरा’, मेक्सिकोत ‘पिलोन्सिलो’, जपानमध्ये ‘कोकुतो’. संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना या सगळ्यांना मिळून ‘नॉन-सेंट्रिफ्युगल शुगर’ म्हणते. साखर कारखान्यात गरगर फिरणाऱ्या यंत्रात मोलॅसिस, म्हणजे दाट काळपट पाक, वेगळा काढतात, गुळात तो आतच राहतो, म्हणून हे नाव. हा एक शब्द सापडल्यावर माझ्यापुढं जेवढं वाचन उघडलं, तेवढं आधीच्या सहा महिन्यांत उघडलं नव्हतं. (शोधताना हे शब्द अर्थातच रोमन लिपीत टाकायचे.)

शब्द फसवतातही. ‘गुर’ टाकलं की कृत्रिम गुडघ्याच्या सांध्यावरचे निबंध येतात, कारण त्या सांध्यात वापरायच्या एका पॉलिथिलीनचं व्यापारी नाव ‘गुर’ आहे. पोर्तुगीजमध्ये ‘पनेला’ म्हणजे स्वयंपाकाचं भांडं. ब्राझीलचे निबंध चाळताना प्रेशर कुकर आडवा आला तर दचकू नका. म्हणून एकटा शब्द कधी टाकू नये, सोबत ऊस, रस, शुद्धीकरण असा एखादा शब्द जोडावा.

तिसरी अडचण जुन्या नावांची. भेंडीचं शास्त्रीय नाव आज ‘अॅबेलमॉस्कस एस्क्युलेंटस’ आहे, पण आधी ती ‘हिबिस्कस एस्क्युलेंटस’ होती. जुने निबंध जुन्याच नावाखाली पडलेले असतात. वनस्पती, रोग, गावं, जाती-जमाती, कायदे, ज्याचं ज्याचं नाव कधी बदललं त्याची दोन्ही नावं वहीत हवीत. माझ्या वहीत डाव्या पानावर शब्द आणि उजव्या पानावर तो टाकल्यावर काय आलं, याची तारखेसह नोंद असते.

फुग्यांचा नकाशा

विषयात अगदीच नवखे असाल तर ‘ओपन नॉलेज मॅप्स’पासून सुरुवात करा. व्हिएन्नातली एक ना-नफा संस्था ते चालवते. पैसे लागत नाहीत, खातंही उघडावं लागत नाही. शब्द टाकायचा आणि दोन भांडारांपैकी एक निवडायचं. जीवशास्त्र-वैद्यकासाठी ‘पबमेड’, बाकी सगळ्यासाठी ‘बेस’. ते साधन तुमच्या शब्दाशी जवळचे शंभर दस्तऐवज उचलतं आणि त्यांचे फुगे करून दाखवतं. एका फुग्यात एका पोटविषयाचे निबंध.

हे फुगे कशावरून बनतात ते लक्षात ठेवा. शीर्षक, सारांश आणि विषयशब्द यांतली भाषा जुळली की निबंध एका फुग्यात जातात. कोण कुणाचा संदर्भ देतो, याचा इथं संबंध नाही. फुग्यावरचं नावही यंत्रानं त्या शब्दांतूनच उचललेलं असतं, त्यामुळं कधी ते नेमकं बसतं, कधी अगदीच भलतं असतं. नावावर न जाता फुगा उघडून आतली चार-पाच शीर्षकं वाचा.

मी दोन्ही भांडारांवर एकच शब्द टाकून दोन नकाशे शेजारी ठेवले, आणि तेही करून बघण्यासारखं आहे. ‘बेस’वरच्या नकाशात चुलवाणाची उष्णता, साठवण, वेष्टण, शेतकऱ्याचा खर्च असले फुगे होते. ‘पबमेड’वर गूळ म्हणजे पोषण आणि औषध. तिथंच मला १९९४ चा तो निबंध भेटला, ज्यात उंदरांच्या फुप्फुसात गेलेली कोळशाची आणि सिलिकाची धूळ गूळ दिल्यावर कशी बाहेर सरकते, हे तपासलंय. माझ्या विषयाला त्याचा उपयोग नव्हता, पण आमचे आबा धुळीत काम करून आलेल्या माणसाच्या हातावर आधी गुळाचा खडा का ठेवतात, ते आठवलं आणि मी तो निबंध पूर्ण वाचून काढला. ग्रंथालयात हव्या त्या पुस्तकाच्या शेजारचं पुस्तक हाताला लागतं, तसंच हे. यादीत हे सुख नसतं.

इथं अर्धा दिवस घालवा, जास्त नको. हे साधन फक्त ओळख करून देतं.

एक निबंध धरा आणि त्याची भावकी बघा

आता खरं काम. ‘कनेक्टेड पेपर्स’मध्ये शब्द टाकून भागत नाही, एखादा निबंध द्यावा लागतो. त्याला आम्ही बियाणं म्हणतो. तो दिला की त्याच्याभोवती त्याच्या जवळच्या निबंधांचं जाळं उमटतं. प्रत्येक निबंध म्हणजे एक गोळा. गोळा जितका मोठा तितके त्याला जास्त संदर्भ मिळालेले. रंग जितका गडद तितका निबंध नवा. एवढं पाच मिनिटांत समजतं. रेघ मात्र समजत नाही, आणि माझी चूक तिथंच झाली.

पहिल्या वर्षाच्या सादरीकरणात मी हा नकाशा पडद्यावर लावला. समितीतल्या एका सरांनी दोन गोळ्यांवर बोट ठेवून विचारलं, “यातल्या कुणी कुणाचा संदर्भ दिलाय?” रेघ होती, म्हणून मी ठामपणे सांगितलं की नंतरच्यानं आधीच्याचा दिलाय. सरांनी तो निबंध वाचलेला होता. ते शांतपणे म्हणाले, “नाही दिलेला. बघून या.” संध्याकाळी संदर्भयादी काढून बघितली. खरंच नव्हता. मग ती रेघ कशाची?

ही रेघ साम्याची असते, आणि साम्य दोन गोष्टींवरून मोजतात. मी मुलांना ते लग्नपत्रिकांवरून सांगते. प्रत्येक निबंध म्हणजे एक लग्नघर समजा, आणि त्याची संदर्भयादी म्हणजे त्या घरानं काढलेली आमंत्रणांची यादी. आता दोन लग्नघरांच्या याद्या हातात घेतल्या आणि त्यांत चाळीस नावं सारखीच निघाली, तर ती दोन घरं एका भावकीतली, हे कुणीही सांगेल. त्यांनी एकमेकांना बोलावलंय की नाही, हे बघायची गरजच नाही. याला ‘बिब्लिओग्राफिक कपलिंग’ म्हणतात. केसलर यांनी १९६३ साली ते मांडलं. दुसरं उलट बाजूनं. दोन पाहुणे असे आहेत की गावातल्या प्रत्येक लग्नाच्या यादीत त्यांची नावं जोडीनंच असतात. म्हणजे लोकांच्या लेखी ते एकत्रच. हे ‘को-सायटेशन’. १९७३ साली अमेरिकेत हेन्री स्मॉल आणि रशियात इरिना मार्शाकोवा यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे ते मांडलं.

त्यातला फरक कामाचा आहे. पत्रिका एकदा वाटून झाल्या की यादी बदलत नाही, म्हणून दोन निबंधांमधलं कपलिंग छापल्या दिवशी जेवढं असतं तेवढंच राहतं. जोडीनं बोलावणं मात्र वर्षागणिक वाढत जातं. गेल्या महिन्यात आलेल्या निबंधाला अजून कुणी बोलावलेलंच नाही, तो नकाशात येतो तो फक्त आपल्या यादीच्या बळावर. म्हणून नव्या निबंधाचा गोळा लहान दिसला तर त्याला कमी लेखू नका.

ही सगळी मांडणी घरोघरी संगणक येण्याच्या बरीच आधीची आहे. संदर्भांच्या आधारानं शोध घ्यायची कल्पना युजीन गारफील्ड यांनी १९५५ साली ‘सायन्स’मध्ये मांडली आणि १९६४ साली ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ छापील खंडांत आला. आज आपण माऊसनं गोळे ओढतो, त्याच्या मुळाशी ते जाडजूड खंड आहेत.

बियाणं कसं निवडायचं? समीक्षा-लेख घ्या, म्हणजे ज्यात एखाद्या विषयावरच्या आजवरच्या कामाचा आढावा असतो. त्याची संदर्भयादी लांब असते, त्यामुळं भावकी मोठी दिसते. मी २०१२ साली ‘शुगर टेक’मध्ये आलेला, गुळासारख्या साखरांचा आरोग्यावर काय परिणाम होतो याचा आढावा घेणारा लेख बियाणं म्हणून धरला. नंतर २००७ चा ‘इंडियन जर्नल ऑफ ट्रॅडिशनल नॉलेज’मधला, गुळावरचाच आढावा धरला. दोन्हींचे नकाशे काढून एकमेकांवर ताडून बघितले. एकच बियाणं लावून थांबणाऱ्याला आपल्याच वाफ्याचं पीक दिसतं. निदान तीन बियाणी लावा, त्यांतलं एक तरी परदेशातलं असू द्या आणि एक निदान पंधरा वर्षं जुनं.

वरच्या बाजूला ‘प्रायर वर्क्स’ आणि ‘डेरिव्हेटिव्ह वर्क्स’ अशी दोन बटणं आहेत. पहिल्यात या जाळ्यातल्या बहुतेकांनी ज्यांचा आधार घेतला असे मूळ निबंध मिळतात, दुसऱ्यात या जाळ्यातल्या अनेकांचा आधार घेऊन नंतर आलेले. वेळ कमी असेल तर नकाशा राहू द्या, पण पहिलं बटण नक्की दाबा. तिथं आलेले पाच-दहा निबंध वाचल्याशिवाय तुम्ही त्या विषयातल्या माणसाशी बोलू शकत नाही. फुकटात महिन्याला मोजकेच नकाशे मिळतात, म्हणून बियाणं विचार करून लावा आणि निघालेला नकाशा लगेच जतन करा.

‘लिटमॅप्स’ हेच काम वेगळ्या मांडणीनं करतं. त्यात आडव्या रेषेवर वर्षं असतात, त्यामुळं कुठल्या काळात कामाचा पूर आला आणि कुठल्या काळात पात्र कोरडं होतं, ते नजरेत भरतं. आवडलं तर वापरा. माझं कनेक्टेड पेपर्सवर भागतं.

सगळं गोळा करून आपला नकाशा काढणं

वरची साधनं त्यांच्याकडच्या साठ्यावर चालतात. तुम्ही स्वतः निवडलेल्या निबंधांचा नकाशा हवा असेल तर ‘व्हॉसव्ह्यूअर’. नेदरलँड्सच्या लायडन विद्यापीठातल्या निस यान व्हान एक आणि लुडो वाल्टमन यांनी ते केलं, आणि ते मोफत आहे. त्यासाठी संगणकावर ‘जावा’ नावाची प्रणाली आधी बसवावी लागते. दिसायला जड वाटतं, पण एक दुपार दिली की हात बसतो.

आधी निबंध ‘झोटेरो’त गोळा करा. संदर्भ सांभाळायचं हेही साधन मोफतच आहे. ब्राउजरमध्ये त्याचं बटण बसवलं की एका टिचकीत निबंधाची नोंद सारांशासकट आत येते. काही शे नोंदी झाल्या की त्या ‘आरआयएस’ नावाच्या स्वरूपात बाहेर काढा. व्हॉसव्ह्यूअर उघडा, ‘क्रिएट’ दाबा, ‘टेक्स्ट डेटा’वरून नकाशा हा पर्याय घ्या, ती फाइल द्या, शीर्षक आणि सारांश दोन्ही वापरायला सांगा. मग तो विचारतो, मोजणी ‘बायनरी’ की ‘फुल’? बायनरी घ्या. म्हणजे एखाद्यानं सारांशात ‘क्लॅरिफिकेशन’ सात वेळा लिहिलं तरी ते एकदाच धरलं जातं. त्यानंतर एखादा शब्द निदान किती निबंधांत यायला हवा, हे विचारतो. आपोआप दहा आलेले असतात. तुमच्याकडं हजारो नोंदी नसतील तर ते चार-पाचवर आणा. दोनवर आणलंत तर जत्रा होते आणि काही वाचता येत नाही.

शेवटी शब्दांची यादी समोर येते. ती घाईनं पुढं ढकलू नका. ‘स्टडी’, ‘रिझल्ट’, ‘पेपर’ असल्या शब्दांसमोरच्या खुणा काढून टाका. मी या एका यादीवर तासभर घालवते.

नकाशा उमटला की तो असा वाचायचा. गोळा मोठा, म्हणजे शब्द जास्त निबंधांत. दोन गोळे जवळ, म्हणजे ते शब्द बऱ्याचदा एकत्र येतात. रंग म्हणजे गट. डावं-उजवं, वर-खाली याला काहीच अर्थ नाही. तोच नकाशा फिरवला, उलटा केला तरी तो खोटा ठरत नाही. “हा विषय मध्यभागी आहे” असं प्रबंधात लिहिण्याआधी गटांची अंतरं बघा.

एकाच गोष्टीची दोन स्पेलिंगं असतील तर साध्या मजकुराची एक छोटी फाइल करायची, तिला ‘थिसॉरस’ म्हणतात. दोन रकाने, पहिल्यात असलेला शब्द, दुसऱ्यात त्याऐवजी हवा तो. रकान्यांमध्ये टॅब. ‘जॅगरी’ची चुकलेली स्पेलिंगं, ‘गुर’, ‘गुड’, सगळी मी एका शब्दाखाली आणली. पण ‘पनेला’ मात्र मुद्दाम वेगळा ठेवला, आणि हे मी कुणालाही आग्रहानं सांगेन. पहिल्या नकाशात समानार्थी शब्द एक करू नका, फक्त स्पेलिंगं एक करा.

कारण मग मला हे दिसलं. नकाशात दोन बेटं होती. एकावर ‘जॅगरी’ आणि त्याच्याभोवती साठवण, ओलावा, हायड्रॉस, सेंद्रिय, भारत. दुसऱ्यावर ‘पनेला’ आणि ‘नॉन-सेंट्रिफ्युगल शुगर’, त्यांच्याभोवती फिनॉल, रंग, ऊर्जा, कोलंबिया. पदार्थ एकच, काहील एकच, उसाचा रस एकच, आणि मध्ये जवळजवळ रिकामं पाणी. एक बारीकशी रेघ तेवढी दोन्हीकडं जात होती. तिच्यावर शब्द होता ‘म्युसिलेज’. म्हणजे वनस्पतीतला बुळबुळीत, चिकट भाग. म्हणजे आमच्या मामांच्या घमेल्यातलं पाणी.

त्या एका शब्दाचा मागोवा घेत मी कोलंबियाच्या निबंधांत शिरले. तिकडं रस निवळायला ‘बाल्सो’, ‘ग्वासिमो’ आणि ‘कादियो’ या झाडाझुडपांच्या साली चेचून वापरतात. शास्त्रीय नावं अनुक्रमे हेलिओकार्पस, ग्वाझुमा, ट्रायम्फेटा. आपल्याकडं भेंडी, रानभेंडी. उत्तरेत कायडिया आणि फालसा, म्हणजे ग्रेविया. मी ही सगळी नावं वहीत एकाखाली एक लिहिली आणि प्रत्येकीचं कुळ शोधलं. आजच्या वर्गीकरणात सगळ्या एकाच कुळातल्या आहेत, माल्व्हेसी. भेंडीचं कुळ, जास्वंदीचं, कापसाचं. कोलंबियातल्या गुळव्यानं आणि करवीरमधल्या गुळव्यानं एकमेकांना न बघता, न विचारता एकाच कुळात हात घातला. रात्री अकराला ग्रंथालयाच्या अभ्यासिकेत हे समजलं तेव्हा मला घरी फोन केल्याशिवाय राहवलं नाही. आबा झोपेतून उठून म्हणाले, “व्हय? मग त्यांचा गूळ कसा हाय बघ की.” माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण त्या प्रश्नावर उभं आहे.

म्हणून नकाशात मोठ्या गोळ्यांकडं सगळ्यात आधी बघू नका. ते सगळ्यांनाच दिसतात. दोन गटांमधली बारीक रेघ शोधा, तिच्यावर कुठला शब्द किंवा कुठला निबंध बसलाय ते बघा आणि तो छापून हातात घेऊन वाचा.

रिकामी जागा दिसली की लगेच खूश होऊ नका

संशोधनाच्या आराखड्यात “या विषयावर काम झालेलं नाही” असं लिहायची आपल्याकडं फार हौस आहे. माझ्याही पहिल्या मसुद्यात ते होतं. नकाशात रानभेंडीच्या आसपास काही नव्हतं, त्यावरून मी लिहिलं. सुट्टीत घरी गेले तेव्हा मामांना सांगितलं की यावर कुणी अभ्यास केलेला नाही. मळी काढता काढता ते म्हणाले, “असं कसं गं? मी पोरगा होतो तवापासनं साहेब लोक येत्यात, बाटल्या भरून नेत्यात.”

बाटल्या नेल्या म्हणजे कुठं तरी लिहिलं असणार. मी ‘कृषिकोश’ उघडलं. देशातल्या कृषी विद्यापीठांचे प्रबंध तिथं ठेवलेले आहेत. वनस्पतींनी रस निवळण्यावर तिथं प्रबंध होते, आकडे होते, तक्ते होते. त्यांतले बरेचसे निबंध म्हणून कधी छापलेच गेले नाहीत, आणि छापले ते अशा नियतकालिकांत, ज्यांच्या जुन्या अंकांना डीओआय, म्हणजे निबंधाची ऑनलाइन ओळख पटवणारा कायमचा क्रमांक, नाही. नकाशा काढणारी साधनं बहुतेक डीओआय आणि संदर्भयाद्यांवर चालतात. ज्याला क्रमांक नाही, तो त्यांना दिसत नाही. मराठीत लिहिलेलं तर सहसा नाहीच दिसत. रिकामी जागा म्हणजे अज्ञान नव्हे, कधी कधी ती फक्त नोंद नसल्याची खूण असते.

तेव्हा नकाशात पोकळी दिसली की तिथं बोट ठेवून एवढ्या ठिकाणी जाऊन या. शोधगंगा, जिथं देशभरातल्या विद्यापीठांचे पीएच.डी.चे प्रबंध आहेत. गांधीनगरचं इन्फ्लिबनेट ते सांभाळतं. शेतीचा विषय असेल तर कृषिकोश. आयआयटी खरगपूरनं उभं केलेलं राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय. आणि पायांनी जायची ठिकाणं. माझ्यासाठी ते आपल्या कोल्हापुरातलं प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्र होतं, आणि जुन्या मराठी नियतकालिकांसाठी १८५० पासून चालत आलेलं करवीर नगर वाचन मंदिर. तुमच्या विषयाला दुसरं काही असेल. तिथल्या माणसांशी बोला. अर्धी माहिती कपाटात असते आणि ते कपाट कुठलं, हे त्या माणसाला ठाऊक असतं.

मिळालेलं सगळं झोटेरोत हातानं भरा. प्रबंधाचं शीर्षक इंग्रजीत टाका, सारांश चार-पाच वाक्यांत स्वतः इंग्रजीत लिहा, कारण व्हॉसव्ह्यूअरला इंग्रजी मजकूरच उकलता येतो. या नोंदींवर ‘हाताने’ अशी खूणचिठ्ठी लावा. मग पुन्हा आरआयएस काढून नकाशा करा. माझ्या दुसऱ्या नकाशात ‘म्युसिलेज’चा गोळा आधीपेक्षा ठळक झाला आणि भारताच्या बेटाकडून त्याच्याकडं चांगल्या जाड रेघा आल्या. पुढच्या सादरीकरणात मी दोन्ही नकाशे शेजारी लावले, हाताने भरण्याआधीचा आणि नंतरचा, आणि खाली लिहिलं की कुठल्या नोंदी मी भरल्या. या वेळी रेघेवर बोट आलं तेव्हा मला उत्तर देता आलं.

एवढं सगळं करून निबंध वाचायला मिळाला नाही तर उपयोग काय, असं विचाराल. १ जानेवारी २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ सुरू झालंय. त्यात सरकारी विद्यापीठं, महाविद्यालयं आणि संशोधन संस्थांतल्या विद्यार्थ्यांना तीस प्रकाशकांची जवळपास तेरा हजार नियतकालिकं खुली झाली आहेत. तुमची संस्था त्यात आहे का, ते ग्रंथपालांना विचारा आणि नसेल तर लेखकाला सरळ पत्र लिहा. कोलंबियाच्या एका बाईंनी मला दुसऱ्याच दिवशी निबंध पाठवला आणि विचारलं, तुमच्याकडं साल वापरतात की खोड?

जतन करण्याबद्दल एकच सांगते. २०१९ च्या महापुरात आमच्या घरात छातीभर पाणी होतं. आबांच्या सौद्याच्या तीस वर्षांच्या वह्या त्यात गेल्या. तेव्हापासून मी कुठलीही गोष्ट एका जागी ठेवत नाही. झोटेरोची प्रत ऑनलाइन, व्हॉसव्ह्यूअरच्या फाइली आणि थिसॉरसची फाइल पेन ड्राइव्हवर, आणि प्रत्येक नकाशाच्या चित्रावर तारीख, वापरलेले शब्द आणि नोंदींची संख्या. तारीख नसलेला नकाशा सहा महिन्यांनी तुम्हालाच ओळखत नाही.

दिवाळीच्या पाडव्याला मार्केट यार्डात नव्या गुळाचे सौदे निघतात. आबा सकाळी पहिले रवे घेऊन जातात. मी त्याच दिवशी वहीतले सगळे शब्द पुन्हा एकदा टाकते, वर्षभरातल्या नव्या नोंदी भरते आणि नवा नकाशा काढून माझ्या टेबलावरच्या भिंतीला, गेल्या वर्षीच्या शेजारी चिकटवते. तीन झाले आहेत. तिसऱ्यावर दोन बेटांच्या मधल्या पाण्यात दोन नवे गोळे आलेत. त्यांतला एक मी अजून वाचलेला नाही. छापून ठेवलाय, या रविवारी गुऱ्हाळावर घेऊन जाणार आहे.